टर्बो पिकअपला इंधन कोणतं, इंजिन ऑईल कोणतं? सोलापूरच्या गाडीमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि त्याच उन्हात कांद्याच्या गोण्या भरलेली पिकअप हैदराबाद रस्त्याला लागते. टर्बोच्या इंजिनासाठी हा वर्षातला सगळ्यात कठीण काळ. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, दाबताना हवा तापते, आणि बाहेरची हवाच भाजत असली की इंटरकूलरलाही ती पुरेशी थंड करता येत नाही. वर भार, धूळ आणि वेळेत पोचायची घाई. अशा गाडीला कोणतं इंधन आणि कोणतं ऑईल द्यायचं, याचा विचार गाडी घेतानाच व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी तो टर्बो गेल्यावर होतो.

माझं मत आधीच सांगतो. पिकअपच्या इंधनात महागड्या नावापेक्षा स्वच्छपणा महत्त्वाचा, आणि हात सैल सोडायचाच असेल तर तो ऑईलवर सोडा. टर्बोचं आयुष्य ऑईलवर ठरतं. पुढचं सगळं याच क्रमाने वाचा.

आधी आपली गाडी ओळखा

ऑईलच्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: गाडी डिझेल की पेट्रोल, ती धुराच्या प्रदूषणाच्या बीएस-४ मानकाची की बीएस-६ ची, आणि तिच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आहे की नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-६ मानकाच्याच विकल्या जातात. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि खात्री नसेल तर समोरच्या काचेवरचा नोंदणीचा स्टिकर बघा. डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. बीएस-६ असेल तर वर हिरवी पट्टी. डीपीएफ आहे का, ते मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून मोबाईलमध्ये ठेवा. शेवटचा शब्द तिचाच. या लेखातलं काहीही तिच्याशी जुळत नसेल तर पुस्तिकेचं ऐका.

ऑक्टेनचा प्रश्न कोणाला, सीटेनचा कोणाला

आपल्या भागातल्या जवळपास सगळ्या पिकअप डिझेलच्या आहेत. डिझेल इंजिनाला ऑक्टेनशी काही देणंघेणं नाही. पेट्रोल ठिणगी पडेपर्यंत आपणहून पेटू नये, म्हणून ऑक्टेन मोजतात. डिझेलला ठिणगीच नसते. दाबलेल्या तप्त हवेत फवारा पडताच ते झटकन पेटायला हवं, म्हणून तिथे सीटेन मोजतात. दोन्ही गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्यामुळे डिझेलच्या टाकीत ‘ताकद वाढावी’ म्हणून लिटर-दोन लिटर पेट्रोल किंवा ऑक्टेन वाढवणारी बाटली ओतणं म्हणजे इंजिनाला उलटं औषध देणं.

बीएस-६ डिझेलचा सीटेन आकडा भारतीय मानकानुसार किमान ५१ असावा लागतो आणि त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग. बीएस-४ मध्ये हेच प्रमाण ५० होतं. पंपावरचं साधं डिझेल या मापात बसत असेल तर पिकअपला ते पूर्ण पुरतं. प्रीमियम डिझेलमध्ये मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात. इंजिनाचा आवाज थोडा मऊ होतो, इंजेक्टरवर थर कमी बसतो. पण भाड्याच्या गाडीला रोज तेच टाकून लिटरमागचा जादा पैसा वसूल होईल असं मला वाटत नाही. जास्त पळालेल्या गाडीत अधूनमधून एखादी टाकी भरायला हरकत नाही. त्याऐवजी डिझेल फिल्टर वेळेवर बदलला तर जास्त पदरात पडतं.

आता टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी. घरी डिझेल पिकअपबरोबर टर्बो पेट्रोल गाडी असेल, तर ऑक्टेनचा मुद्दा तिथे खरा आहे. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. कमी ऑक्टेनचं पेट्रोल अशा वेळी ठरलेल्या क्षणाआधी पेटतं आणि चढावर, भाराखाली बारीक टकटक ऐकू येते. आधुनिक इंजिनातला सेन्सर ती टकटक ओळखून ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त लागतं. बीएस-६ च्या मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ आणि प्रीमियमला ९५ ऑक्टेन आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर असल्याने २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची टकटक रोखण्याची क्षमता वाढते. मात्र त्यात ऊर्जा कमी, म्हणून सरासरी थोडी घटते. पुस्तिकेत ९१ लिहिलं असेल तर साधं पेट्रोल घाला. ९५ लिहिलं असेल तर ९५ च घाला, निदान एप्रिल-मेमध्ये आणि लांबच्या प्रवासात तरी त्यात काटकसर नको. १०० ऑक्टेनचं पेट्रोल त्यासाठी बनलेल्या इंजिनालाच उपयोगी. बाकीच्यांनी ते घेऊ नये.

पंपावर काय बघायचं

आताच्या डिझेल इंजिनात इंधन दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरमधून फवारलं जातं. तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते खुद्द डिझेलमधूनच. म्हणून रॉकेल मिसळलेलं डिझेल जुन्या इंजिनात कसंबसं खपून गेलं तरी अशा जास्त दाबाच्या, म्हणजे कॉमन रेल, गाडीत खपत नाही. पंप कोरडा घासतो, त्याचा बारीक धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि सगळी इंधनव्यवस्था बदलायची पाळी येते. ‘बायोडिझेल’ म्हणून रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या द्रवाचंही तेच. खरं बायोडिझेल ठरलेल्या मर्यादेत मिसळलेलं चालतं, पण त्या नावाखाली औद्योगिक तेल विकल्याचे प्रकार महाराष्ट्रात उघड झाले आहेत. लिटरमागे वाचलेले दहा-पंधरा रुपये एका इंजेक्टरच्या बिलात निघून जातात.

शक्यतो ज्या पंपावर दिवसभर गाड्यांची वर्दळ असते तिथे भरा. तिथला साठा शिळा राहत नाही. नुकताच टँकर रिकामा झाला असेल तर थोडं थांबा किंवा पुढच्या पंपावर जा, कारण भरताना टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ ढवळून वर येतो. शंका असेल तर घनता विचारा. ती दाखवणं पंपाचं काम आहे. १५ अंश तापमानाला आणून काढलेली घनता आणि नोंदवलेली घनता यात घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर माल संशयास्पद. माप कमी वाटलं तर ५ लिटरच्या प्रमाणित मापात ओतून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. फिल्टर कागदावर थेंब टाकायची चाचणी पेट्रोलसाठी आहे. पेट्रोल उडून जातं आणि डाग राहत नाही. डिझेलचा डाग शुद्ध असलं तरी राहतोच, म्हणून त्यावरून भांडू नका.

ऊसतोडीच्या हंगामात बरेच शेतकरी ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये डिझेल साठवतात आणि अडीनडीला तेच पिकअपमध्ये ओततात. बॅरलला आतून गंज असतो, रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं, पंपाच्या नळीला माती लागलेली असते. ट्रॅक्टरचं साधं इंजिन ते सहन करील, बीएस-६ पिकअप करणार नाही. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सैल करून पाणी सोडा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी हे काम करा.

ऑईल: इथे वेळ द्या

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये त्याला बॉल बेअरिंग नसते. पितळी बुशात, ऑईलच्या पातळ थरावर तो तरंगत फिरतो. त्याच्या एका टोकाला धुराची उष्णता डिझेलमध्ये ७०० अंशांच्या घरात, पेट्रोलमध्ये ९०० च्याही पुढे जाते. म्हणजे ऑईलला तिथे दोन कामं एकाच वेळी करायची असतात: थर तुटू न देणं आणि उष्णता वाहून नेणं. ऑईल कमी पडलं, उशिरा पोचलं किंवा जळून कोळसा झालं की बुश खातात, दांडा हलतो, पंखा कवचाला घासतो.

डब्यावरचे आकडे आधी समजून घेऊ. १५डब्ल्यू-४० मध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातला पातळपणा सांगतो आणि पुढचा आकडा १०० अंशांवरचा जाडपणा. सोलापुरात डिसेंबरची पहाटही बर्फाळ नसते, त्यामुळे १५डब्ल्यू इथे थंडीने गोठणार नाही. पण यावरून ‘आपल्याकडे ऊन फार, मग २०डब्ल्यू-५० च घाला’ असा जो सल्ला गॅरेजात मिळतो तो टर्बोच्या गाडीला घातक आहे. पहाटे चावी फिरवल्यावर ऑईल टर्बोपर्यंत किती लवकर पोचतं यावर बुशांची झीज ठरते. जाड ऑईल उशिरा पोचतं. शिवाय नव्या इंजिनांतल्या फटी, पिस्टनवर ऑईलचा फवारा मारणाऱ्या नळ्या, ऑईल पंप हे सगळं ठरावीक जाडपणा धरून बनवलेलं असतं. बाहेर ४३ अंश असले तरी कूलंट आणि थर्मोस्टॅट इंजिनातलं तापमान बरंचसं आटोक्यात ठेवतात. उन्हाला घाबरून ग्रेड बदलायची गरज नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आहे तर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० आहे तर १५डब्ल्यू-४०. पुस्तिका दोन ग्रेडची मुभा देत असेल तर भार ओढणाऱ्या गाडीसाठी मी ४० चा आकडा निवडीन.

जाडपणापेक्षा मोठी गोष्ट डब्याच्या मागे बारीक अक्षरात असते, ती म्हणजे दर्जाचं मानक. अमेरिकन एपीआय पद्धतीत डिझेल ऑईलचे दर्जे सी अक्षराने सुरू होतात: सीएच-४, सीआय-४, सीआय-४ प्लस, सीजे-४, सीके-४. पेट्रोलचे एस अक्षराने: एसएन, एसएन प्लस, एसपी. युरोपियन एसीईए पद्धतीत हलक्या डीपीएफ गाड्यांसाठी सी२, सी३, सी५ आणि जड वाहनांसाठी ई६, ई९ अशी नावं येतात. गाडी जुनी, बीएस-३ किंवा बीएस-४ आणि डीपीएफ नसलेली असेल तर सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० हे सहसा बरोबर बसतं. बीएस-६ आणि डीपीएफ असेल तर तेच ऑईल चुकीचं.

कारण राख. ऑईलमधल्या काही रसायनांत धातू असतात. ऑईलचा अंश सिलिंडरमध्ये जळला की त्यांची राख उरते. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी साधारण ६०० अंशांना जाळून साफ होते. राख जळत नाही. ती कायमची तिथे बसते आणि फिल्टरची जागा खात जाते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं. सी२ आणि सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंत, सीके-४ मध्ये १ टक्क्यापर्यंत बांधलेलं आहे. जुन्या पद्धतीच्या ऑईलमध्ये ते याहून बरंच जास्त असू शकतं. डीपीएफ बदलण्याचा खर्च ऐकल्यावर ऑईलच्या डब्यातला पाचशे-सातशे रुपयांचा फरक कोणालाही नगण्य वाटेल. सीके-४ ऑईल जुन्या सीआय-४ वाल्या गाडीत घालता येतं. उलटं करू नका.

आणखी एक बारकावा, जो दुकानदारालाही बहुधा माहीत नसतो. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलं असलं तरी ते सारखे असतीलच असं नाही. १५० अंशांना, जोराच्या घर्षणात थर किती टिकतो याचं एक माप आहे. सी२ मध्ये ते किमान २.९, सी३ मध्ये किमान ३.५. गोण्या भरून तुळजापूरचा चढ चढणाऱ्या पिकअपसाठी हा फरक मोठा आहे. तरीही निवड पुस्तिकेप्रमाणेच करा, कारण काही इंजिनं सी२ साठीच बनलेली असतात. मुद्दा एवढाच की ‘५डब्ल्यू-३० द्या’ म्हणून काउंटरवर हात पुढे करणं अपुरं आहे. ग्रेड आणि दर्जा दोन्ही सांगा, आणि कंपनीचं स्वतःचं मंजुरी मानक पुस्तिकेत असेल तर तेही.

टर्बो पेट्रोलसाठी एपीआय एसपी घ्या. इंजिन हळू फिरत असताना ॲक्सिलरेटरवर जोराने पाय दाबला की सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकतं आणि पिस्टन फुटू शकतो. हा धोका कमी करण्याची चाचणी आधी एसएन प्लसमध्ये आली आणि २०२० पासून एसपीमध्ये आहे.

मिनरल की सिंथेटिक? टर्बोच्या गरम बुशात मिनरल ऑईल लवकर करपतं, सिंथेटिक जास्त तग धरतं. बीएस-६ गाड्यांना बहुतेकदा सिंथेटिकच सांगितलेलं असतं, तिथे प्रश्न उरत नाही. जुन्या गाडीत चांगलं मिनरल चालेल, पण वेळेआधी बदला. महाग सिंथेटिक घालून दुप्पट किलोमीटर चालवण्यापेक्षा हे बरं.

कधी बदलायचं, कसं बदलायचं

पुस्तिकेत किलोमीटरचे दोन आकडे असतात, सामान्य वापराचा आणि कठीण वापराचा. धूळ, पूर्ण भार, लहान फेऱ्या, कडक ऊन ही कठीण वापराची लक्षणं आहेत, आणि सोलापूरच्या भाड्याच्या पिकअपला ती चारही लागू होतात. म्हणून कठीण वापराचा आकडा धरा. गाडी कमी पळाली तरी वर्षातून एकदा ऑईल बदलाच.

ऑईल कोमट असताना, गाडी सपाट जागेवर उभी करून काढा. थंड ऑईलबरोबर तळाचा गाळ निघत नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घाला. ऑईल फिल्टर दर वेळी बदला, आणि तो कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचाच असू द्या. स्वस्त फिल्टरची झडप नीट बसत नाही, रात्रभरात ऑईल खाली उतरतं आणि सकाळी टर्बो कोरडा फिरतो. नवीन ऑईल भरताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे जाऊ नका. मग इंजिन सुरू करून ऑईलचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. बंद करून पाच-दहा मिनिटांनी पातळी परत बघा.

डिपस्टिक आठवड्याला एकदा बघायची सवय लावा, लांबच्या भाड्याआधी तर हमखास. पातळी उतरली तर गळती किंवा जळणं. पण डीपीएफच्या गाडीत पातळी वाढलेली दिसली तर ती जास्त गंभीर गोष्ट आहे. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. ते काम अर्धवट असताना गाडी वारंवार बंद झाली की डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं, थर तुटतो. शहरात मार्केट यार्ड ते गोदाम अशाच फेऱ्या असणाऱ्या गाड्यांना हे फार होतं. डीपीएफचा दिवा लागला की पुणे रस्त्याने मोहोळच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं एका चालीत गाडी पळवा, दिवा विझू द्या. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर न बघता ऑईल बदला.

एअर फिल्टरकडेही लक्ष हवं. काळ्या मातीच्या रस्त्यांवरची धूळ टर्बोच्या पंख्याची धार झिजवते आणि ऑईलमध्ये मिसळून बुश खाते. फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेने झाडू नका, कागद फाटतो.

चालवताना

सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. घाट चढून किंवा हायवेवर भार ओढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटं इंजिन सुरू ठेवा, म्हणजे ऑईल फिरत राहून टर्बो निवतो. गावात शिरून शेवटचा टप्पा हळूच आला असाल तर वेगळं थांबायची गरज नाही.

सुरू करताना निळा धूर, वेग घेताना शिट्टीसारखा नवा आवाज, इंटरकूलरच्या पाईपमध्ये भरपूर ऑईल, अचानक कमी झालेली ओढ, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. नुसता काळा धूर असेल तर आधी पाईपची गळती आणि एअर फिल्टर बघा, टर्बो खोलायची घाई करू नका.

युरिया द्रव लागणाऱ्या गाड्या

काही बीएस-६ पिकअपमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचा शुद्ध द्रव वेगळ्या टाकीत भरावा लागतो. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून तो बनवायचा मोह होतो. खताच्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो, त्यात इतर अशुद्धीही असतात, आणि त्याने नोझल आणि उत्प्रेरक दोन्ही बंद पडतात. विकतचा डबाही पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उन्हाने द्रव बिघडतो. घरात सावलीत ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढाच घ्या.

डबा घेताना आणि टाकताना

नकली ऑईल बाजारात आहे. सील, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि झाकणाखालचा किंवा लेबलवरचा कोड तपासा. बऱ्याच कंपन्यांचा कोड मोबाईलवर खरा-खोटा कळतो. सुटं ऑईल घेऊ नका. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ग्रेडबरोबर दर्जाही लिहून घ्या, कारण वॉरंटीत टर्बोचा दावा करायची वेळ आली तर पहिली मागणी त्याच कागदाची होते. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही. काढलेलं काळं ऑईल गटारात, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका; नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. गॅरेजातच बदलत असाल तर त्यांचं काळं ऑईल कुठे जातं, हे एकदा विचारा.